मुलांना सांगता आलं पाहिजे

वऱ्हाडातला उन्हाळा मुलांना घरात कोंडतो. एप्रिल सरता सरता अकोला-अमरावतीत पारा ४४-४५ अंशांवर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि उन्हात बाहेर जाऊ नका म्हणून आई-बाप स्वतःच पोरांना बजावतात. उर्वरित महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तेव्हा विदर्भातल्या शाळांना आणखी आठवडा-पंधरा दिवस सुटी असते. या लांबलचक दुपारी मुलं कूलरसमोर पडलेली असतात आणि हातात फोन असतो. मोठ्यांना वाटतं, पोरगं डोळ्यांसमोर आहे, म्हणजे काळजी नाही. पण घरात बसलेलं मूल त्या क्षणी कोणाशी बोलतंय, काय पाहतंय, कोणाला घाबरतंय, हे शेजारी बसलेल्या आईलाही कळत नाही. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतले आई-वडील, शिक्षक, वसतिगृहांचे गृहपाल आणि अंगणवाडी सेविका यांच्यासाठी हे पुस्तक आहे. मुलांना इंटरनेटपासून तोडा, असा सल्ला त्यात नाही. बार्शीटाकळीच्या मुलीला ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी चांगला शिक्षक आज घरबसल्या ऐकायला मिळतो. दर्यापूरच्या मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरता येतो. गावात ग्रंथालय नसलं तरी वाचायला पुस्तक मिळतं. शेतकरी आणि शेतमजुरांच्या मुलांच्या वाट्याला या गोष्टी फार उशिरा आल्या आहेत; त्या भीतीपोटी हिरावून घेणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. या नव्या जगात वावरताना मूल एकटं पडू नये, एवढंच हे पुस्तक मागतं.

इथे इंटरनेट आलं ते झपाट्याने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि बघता बघता डेटा कमालीचा स्वस्त झाला. त्याच वर्षी मेळघाटातलं, धारणी तालुक्यातलं हरिसाल देशातलं पहिलं ‘डिजिटल गाव’ म्हणून जाहीर झालं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या आणि वर्ग व्हॉट्सॲपवर भरू लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये, बाकीचा महाराष्ट्र जरा मोकळा श्वास घेत असताना, अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली आणि अकोल्यातही निर्बंध आले. मुलांच्या हाती फोन देण्याचा विचारही ज्या घरांनी केला नव्हता, त्यांनी पोटाला चिमटा घेऊन तो घेतला. पुढे शाळा उघडल्या, पण फोन मुलांच्या हातातच राहिला. तो देताना सोबत जे शिकवायला हवं होतं, ते शिकवायला त्या घाईत कोणालाच उसंत मिळाली नाही.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ या अहवालाने ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. त्यातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी मुलं ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं, हे ६२ टक्के मुलांना ठाऊक होतं आणि आपलं खातं अनोळखी नजरांपासून झाकून कसं ठेवायचं, हे जेमतेम ५५ टक्क्यांना. अशा दर दहा मुलांमागे जवळपास चार मुलांना त्रास देणाऱ्याला थांबवण्याची सर्वांत साधी सोयही माहीत नाही. हा मुलांचा दोष नाही. त्यांना ते कोणी सांगितलेलंच नाही.

वऱ्हाडातल्या फोनचं एक वेगळेपण मुलांच्या सुरक्षिततेची चर्चा करताना हमखास विसरलं जातं. शहरी पुस्तकांत मुलाचा फोन आणि पालकांचा फोन वेगळे असतात. इथल्या असंख्य घरांत फोन एकच असतो. दिवसा तो बापासोबत शेतात किंवा जिनिंगमध्ये जातो आणि संध्याकाळी पोरांच्या हाती येतो. कापसाचे पैसे, पीक विमा, पीएम किसानचा हप्ता ज्या खात्यात जमा होतो, ते खातंही त्याच फोनमध्ये उघडतं. मुलाला यूपीआयचा पिन पाठ असतो, कारण दुकानातून सामान आणताना बापानेच तो सांगितलेला असतो. मग खेळातल्या फुकट डायमंडच्या नादात लिंकवर एक बोट पडतं आणि घराची वर्षाची कमाई धोक्यात येते. बापाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री जे अचकट-विचकट व्हिडिओ येतात, ते आपोआप डाउनलोड होऊन त्याच गॅलरीत साठतात आणि सकाळी तीच गॅलरी चौथीतलं पोरगं उघडतं. घाण नेहमी परक्याकडूनच येते असं नाही. मुलांच्या हाती फोन देण्याआधी मोठ्यांनी आपले ग्रुप साफ करावेत आणि आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद करावी. हे काम दोन मिनिटांचं आहे.

आता मुख्य धोक्याकडे येऊ. मुलांना जाळ्यात ओढणारा माणूस पहिल्या दिवशी वाईट बोलत नाही. तो खेळाच्या चॅटमध्ये, इन्स्टाग्रामवर किंवा टेलिग्रामवर भेटतो. तो मुलाच्याच वयाचा असल्याचं सांगतो, कौतुक करतो, घरचे रागावले की समजूत घालतो. हळूहळू तो मुलाला मोकळ्या ग्रुपमधून खासगी चॅटमध्ये आणतो. ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ हे त्याचं ठरलेलं वाक्य असतं. मग एक फोटो मागतो. तो मिळाला की त्याचा सूर पालटतो: दुसरा पाठव, नाहीतर हा पहिला तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो. मुलग्यांच्या बाबतीत बहुधा एखाद्या मुलीच्या नावाने बनवलेल्या खोट्या खात्यावरून व्हिडिओ कॉल येतो, तो चोरून रेकॉर्ड होतो आणि पैशांची मागणी सुरू होते. मुलींच्या बाबतीत कित्येकदा तिने काही पाठवलेलंही नसतं. वाढदिवसाला स्टेटसवर ठेवलेला किंवा स्नेहसंमेलनात काढलेला साधा फोटो घेऊन, त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेने अश्लील रूप देऊन धमकी दिली जाते.

या सगळ्या प्रकारांत गुन्हेगाराच्या हातात खरी ताकद असते ती मुलाच्या भीतीची. ही भीती परक्यापेक्षा घराची जास्त असते. ‘माय-बापाले समजलं तं मारतीन’, ‘फोन हिसकून घेतीन’, ‘शाळा बंद करतीन’, हे मुलाच्या मनात आधी येतं. मुलीच्या मनात आणखी एक भीती असते, लवकर लग्न लावून देतील ही. मुलाच्या मनात लाज असते, की मुलगा असून मी फसलो हे सांगायचं कसं. धमकी देणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो सारखा म्हणत राहतो, घरी सांगितलंस तर तुझंच वाटोळं होईल. मूल गप्प राहतं, मागण्या वाढत जातात आणि जे पहिल्या दिवशी एका तक्रारीत थांबलं असतं ते महिनोन्महिने चालतं. या पुस्तकाचं मुख्य म्हणणं यातून निघतं: ज्या घरात मुलाला घडलेलं सांगता येतं, त्या घरातल्या मुलावर गुन्हेगाराचा जोर चालत नाही. बाकीचे सगळे उपाय याच्यानंतर येतात.

फोन काढून घेणं हा पहिला उपाय सगळ्यांना सुचतो. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी केली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दुसरा मार्ग धरला. तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवून मुलं अभ्यासाला बसतात. दोन्ही गावांची तळमळ खरी आहे आणि गावाने एकत्र येऊन मुलांसाठी निर्णय घेतला, हे मोलाचंच आहे. मात्र दोहोंतला फरक लक्षात घ्यायला हवा. मोहित्यांच्या वडगावात नियम मोठ्यांनाही लागू आहे. भोंगा वाजला की आईची मालिकाही थांबते. सगळ्यांनी पाळलेला नियम मुलं मनापासून पाळतात. फक्त मुलांवर लादलेल्या बंदीत फोन चोरून वापरला जातो आणि चोरून वापरताना काही वाईट घडलं, तर ते सांगण्याची वाट आधीच बंद झालेली असते. अकोल्यात शिकवणीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या बुलढाणा-वाशिमच्या मुलामुलींच्या बाबतीत तर बंदीचा उपयोगच नाही. त्यांच्याकडे फोन असणारच आणि रात्री अकरा वाजता विचारायला जवळ कोणी नसणार.

घबराट हाही उपाय नव्हे. २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ नावाच्या खेळाने मुलं आत्महत्या करत असल्याची बातमी देशभर पसरली आणि शाळाशाळांतून पालकांना इशारे गेले. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. मुलांच्या काळजीच्या नावाखाली फिरणारे निरोप असे जीव घेतात. म्हणून मुलांविषयीचा कोणताही भयंकर निरोप पुढे ढकलण्याआधी थांबणं, हेही मुलांच्या सुरक्षिततेचंच काम आहे.

वऱ्हाडाला हा धडा स्वतःच्या रस्त्यांवर मिळाला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल उसळली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावं लागलं. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात एका इन्स्टाग्राम पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली आणि त्यात एकाचा जीव गेला. अशा पोस्ट बिनदिक्कत पुढे ढकलणाऱ्या हातांत आपल्या घरातल्या, मिसरूडही न फुटलेल्या पोरांचे हात असू शकतात. आपलं मूल कोणाच्या जाळ्यात सापडू नये, ही काळजी जितकी खरी, तितकीच आपल्या मुलाच्या हातून दुसऱ्याचं घर जळू नये, हीसुद्धा.

कायदा या बाबतीत मुलांच्या बाजूने भक्कम उभा आहे, हे पालकांना सांगणं फार गरजेचं वाटतं. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देतो. मुलाचा सतत ऑनलाइन पाठलाग करणं, त्याची अश्लील छायाचित्रं प्रसिद्ध करण्याची धमकी देणं हा त्याखाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, खऱ्या मुलापासून ओळखू न येणारं संगणकाने बनवलेलं चित्रसुद्धा त्यात मोडतं. ‘फोटो खोटा आहे, मग तक्रार कशाची करणार’ असं म्हणून गप्प बसण्याचं कारण उरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ‘६७-ब’ नुसार मुलांची अश्लील सामग्री तयार करणं, पाहणं, पसरवणं आणि त्यांना लैंगिक हेतूने ऑनलाइन संबंधात ओढणं यासाठी पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अशी सामग्री फोनमध्ये साठवून ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं.

पोलीस स्टेशनची पायरी चढायला आपली माणसं घाबरतात. पोक्सोने त्याचाही विचार केला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि तो घेताना पोलीस गणवेशात नसावेत असा नियम आहे. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत बसू शकतं. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. वर्तमानपत्राला मुलाचं नाव, शाळा, पत्ता किंवा ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. आणि गुन्हा माहीत असूनही शाळेच्या अब्रूसाठी तो दडपणाऱ्या मुख्याध्यापकाला किंवा संस्थाचालकाला स्वतःलाच शिक्षा होऊ शकते.

मूल आपल्याकडे येऊन सांगतं, ते पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे असतात. आधी त्याला जवळ घ्या आणि सांगितलंस हे बरं केलंस, असं म्हणा. जाब विचारू नका. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही. चॅट किंवा खातं रागाच्या भरात डिलीट करू नका. समोरच्याचं खात्याचं नाव, लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी, तारीख-वेळ यांची नोंद ठेवा, धमकीच्या मजकुराचे स्क्रीनशॉट घ्या आणि मगच त्याला ब्लॉक करा. मुलाचा आक्षेपार्ह फोटो पुरावा म्हणूनसुद्धा नातेवाइकांना किंवा शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवू नका. तो पसरवणं हाच गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन करा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढे जाण्याआधी अडवण्याची शक्यता अधिक. मूल संकटात असेल तर १०९८ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. अमरावती आणि अकोला इथे सायबर पोलिसांकडे थेट जाता येतं. फोटो पसरण्याची भीती असेल, तर अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो कोणाकडे पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्याची सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या ती खूण जुळणारं चित्र आपल्या जागेवरून काढू शकतात. व्हॉट्सॲपसारख्या बंदिस्त निरोपांपर्यंत मात्र ती पोहोचत नाही, म्हणून पोलीस तक्रारीला ती पर्याय नाही.

फोनमधल्या सेटिंगांची माहिती पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे, म्हणून इथे एवढंच: मुलांची खाती खासगी ठेवा, यूपीआयचा पिन मुलांना देऊ नका आणि रात्री फोन मुलांच्या उशाशी नको. मुलींचे फोटो, शाळेचं नाव, येण्या-जाण्याच्या वेळा स्टेटसवर टाकण्याची मोठ्यांची सवयही सोडावी लागेल.

हे सगळं एकेका घरावर सोडून भागणार नाही. फवारणी आणि वेचणीच्या दिवसांत पहाटे शेतात जाऊन अंधारात परतणाऱ्या मायला मुलाच्या फोनवर नजर ठेवायला सांगणं सोपं आहे. ते तिने कधी करावं, हे कोणी सांगत नाही. तिला गावाची साथ लागते आणि वऱ्हाडात ती उभी करण्याच्या जागा आहेत. गावोगावी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. प्रार्थनेनंतर महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं या विषयावर बोलता येईल. बचत गटांच्या बैठका आहेत, शाळा व्यवस्थापन समित्या आहेत, शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या नेमण्याचा शासनाचा २०२२ चा आदेश आहे, गावपातळीवर बाल संरक्षण समित्या आहेत. यातल्या अनेक कागदावर आहेत; त्यांना कामाला लावणं आपल्या हातात आहे. मेळघाटात हीच माहिती कोरकू भाषेत, आश्रमशाळांतल्या मुलांशी समोरासमोर बोलून पोहोचवावी लागेल. मराठीतलं पत्रक तिथे पुरणार नाही.

कंपन्यांची आणि सरकारची जबाबदारीही ठामपणे मागितली पाहिजे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आणि दंडही कंपन्यांनाच ठेवला, मुलांना किंवा पालकांना नाही. त्या उपायाविषयी मतभेद आहेत, पण जो कमावतो त्याने जबाबदारी घ्यावी हे त्यामागचं तत्त्व रास्त आहे. आपल्याकडे कायदे झाले आहेत. अंमलबजावणी करून घेण्यासाठी पालकांचा आवाज उठायला हवा.

वाचकांना एक विनंती आहे. पुढची प्रकरणं सवडीने वाचा, पण एक काम आजच करा. रात्री जेवताना मुलाला किंवा मुलीला सांगा: ‘फोनवर काहीही झालं, तुझी चूक असली तरी, आधी मले सांग. मी रागावणार नाही, फोन हिसकणार नाही, तुझी शाळाही बंद करणार नाही.’ आणि तशी वेळ आली, तर हा शब्द मोडू नका. १०९८ आणि १९३० हे दोन नंबर मुलांच्या हस्ताक्षरात भिंतीवर लिहून घ्या. शिक्षक असाल, तर हेच वर्गात सांगा आणि फळ्यावर लिहा.